मुंबईचे सूर्ययंत्र आणि खोडाळ्याचे ऊन

१

सूर्याच्या उष्णतेपासून यांत्रिक शक्ती मिळविण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, किंबहुना त्याहूनही अलीकडचा आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर हा समज साफ चुकीचा आहे. इ. स. १८७८ मध्ये मुंबईतील मध्य कुलाबा भागात एका बंगल्याच्या आवारात केवळ आरसे आणि ऊन यांच्या साहाय्याने अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन सलग पंधरवडाभर चालविले गेले. ते चालताना सेनाधिकारी, अभियंते, न्यायाधीश आणि गिरणीमालक यांनी प्रत्यक्ष पाहिले. त्यानंतर मात्र तो प्रयोग थांबला, आणि सौरशक्तीचा विषय मुंबईच्या औद्योगिक इतिहासातून जवळजवळ शंभर वर्षे नाहीसा झाला.

जे यंत्र चालले ते पुढे का चालू राहिले नाही, हा तंत्रविद्येच्या इतिहासातील एक विचार करण्यासारखा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मुंबईच्या हद्दीत राहून पुरतेपणी मिळत नाही. मुंबईला सरपण कोठून येत होते, पाणी कोठून येत होते, आणि ज्या मुलखातून ते येत होते त्याची स्थिती काय होती, हे पाहिल्यावाचून या प्रयोगाचा अर्थ लागत नाही. म्हणून प्रस्तुत निबंधात कुलाब्याच्या जोडीला पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यातील खोडाळा आणि त्याच्या भोवतालचा डोंगरी प्रदेश विचारात घेतला आहे. कसाऱ्याकडून विहीगावमार्गे वर चढणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव कुलाब्यापासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरांच्या आत आहे. दोहोंच्या अक्षांशांत जेमतेम एका अंशाचा फरक आहे. म्हणजे सूर्य दोन्ही ठिकाणी सारखाच तळपतो. त्याच्या उपयोगाचा इतिहास मात्र दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी घडला.

२

या प्रयोगाचा कर्ता विल्यम ॲडम्स हा व्यवसायाने अभियंता नव्हता. तो मुंबईच्या उच्च न्यायालयात उपनिबंधक होता. फ्रान्समधील तूर येथील गणिताचे शिक्षक ऑग्युस्तँ मूशो यांनी १८६१ पासून सूर्याच्या उष्णतेवर चालणारी यंत्रे तयार करण्यास आरंभ केला होता आणि १८६९ मध्ये त्या विषयावर ग्रंथही प्रसिद्ध केला होता. मूशो यांच्या यंत्रात शंकूच्या आकाराचा धातूचा परावर्तक असून त्याच्या मध्यभागी बाष्पपात्र बसविलेले असे. ॲडम्स याने त्या यंत्राची माहिती वाचली आणि त्यातील दोष त्याच्या ध्यानात आला. चकाकणारा धातू महाग असतो व लवकर काळवंडतो. शिवाय सबंध शंकू बाष्पपात्रासह सूर्याकडे वळवावा लागत असल्याने यंत्राचा आकार फार वाढविता येत नाही.

ॲडम्सने काढलेला तोडगा साधा होता, आणि त्याचे महत्त्व या साधेपणातच आहे. एका वक्र परावर्तकाऐवजी त्याने बाजारात मिळणारे सपाट आरसे घेतले. प्रत्येक आरसा १७ इंच लांब व १० इंच रुंद होता. हे आरसे मोठ्या चौकटीवर अशा रीतीने बसविले की प्रत्येकाचा कवडसा एकाच ठिकाणी पडावा. बाष्पपात्र जागीच स्थिर ठेवले, आणि आरशांची चौकट त्याच्याभोवती अर्धवर्तुळाकार रुळावरून सरकेल अशी योजना केली. एक मजूर दिवसातून तीनचार वेळा ती सरकवी, आणि तेवढ्यावर काम भागे. आरशांची संख्या क्रमाने वाढवीत आणि वाढते उष्णतामान मोजीत त्याने असे गणित बसविले की ७२ आरशांचे कवडसे एकत्र केले म्हणजे सुमारे १,२०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ६५० अंश सेल्सियसच्या आसपास, उष्णता मिळते. त्या जागी धरलेले लाकूड तत्काळ पेट घेई.

याखेरीज त्याने आरशांची एक अष्टकोनी सूर्यचूलही केली होती. जानेवारी महिन्यात, म्हणजे मुंबईच्या मानाने थंडीच्या दिवसांत, सात सैनिकांचा शिधा त्या चुलीवर दोन तासांत शिजला, अशी नोंद आहे. या सर्व प्रयोगांचे विवेचन त्याने ‘सोलर हीट : ए सब्स्टिट्यूट फॉर फ्युएल इन ट्रॉपिकल कंट्रीज’ या पुस्तकात केले. भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटी छापखान्यात ते १८७८ मध्ये छापले गेले. या कार्याबद्दल मुंबईच्या ससून संस्थेचे सुवर्णपदक त्यास मिळाले.

पुस्तकाच्या नावातच प्रयोगाचा हेतू सांगितला आहे. सौरयंत्र म्हणजे उष्ण देशांतील जळणाला पर्याय, अशी ॲडम्सची मांडणी होती. निरीक्षणास आलेल्या स्थानिक अभियंत्यांनी यंत्राची वाखाणणी केली. परंतु कोळसा व लाकूड यांच्याशी ते सरळ स्पर्धा करील असे त्यांस वाटले नाही. पूरक साधन म्हणून ते उपयोगी पडेल, एवढेच मत त्यांनी दिले. पुढे ॲडम्सच्या अंगी व्यापारी उत्साह नव्हता म्हणून यंत्र मागे पडले, असे कारण काहींनी सांगितले आहे. व्यक्तीच्या स्वभावावर ठेवलेले हे कारण इतिहासाच्या अभ्यासकाचे समाधान करणारे नाही. स्थिर पात्रावर अनेक सपाट आरशांनी ऊन एकवटण्याची ॲडम्सची कल्पना आजच्या सौर मनोऱ्यांच्या वीजकेंद्रांत जगभर वापरात आहे. तेव्हा कल्पनेत खोट नव्हती. खोट शोधावयाची ती त्या काळच्या मुंबईच्या गरजेत आणि जळणाच्या हिशेबात.

३

१८५६ मध्ये कावसजी दावर यांची कापडगिरणी सुरू झाल्यापासून मुंबईचे जळण झपाट्याने वाढत गेले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कोळशाच्या खाणी नाहीत. गिरण्यांना लागणारा दगडी कोळसा मुख्यत्वे इंग्लंडहून समुद्रमार्गे येई. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर ही वाहतूक सोपी झाली. पुढे शतकाच्या अखेरीस बंगालच्या खाणींतील कोळसाही मुंबईस येऊ लागला. गिरणीचे इंजिन अशा रीतीने परदेशी कोळशावर चाले. परंतु शहरातील घराघरांतील चूल मात्र लाकूड आणि लोणारी कोळसा यांवर पेटत असे. ही लाकडे ठाणे जिल्ह्यातील जंगलांतून येत. १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग वर गेल्यावर रुळांखालचे ओंडके व इमारती लाकूड यांची मागणी त्यात मिळाली.

ज्या वर्षी ॲडम्सचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, १८७८ मध्ये, हिंदुस्थानचा नवा वनकायदा संमत झाला. त्याने जंगलांचे राखीव, संरक्षित व ग्रामवन असे वर्ग पाडले आणि राखीव जंगलांतील रहिवाशांच्या वहिवाटीस कडक मर्यादा घातल्या. मोखाड्याच्या डोंगरी भागात नागली, वरई व भात यांची रोपे करण्यासाठी झाडांच्या डहाळ्या, पाचोळा व शेण पसरून जमीन भाजण्याची रीत होती. तिला राब म्हणतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर या समाजांची शेती या राबावर अवलंबून होती. कायद्याने झाडाच्या फांदीवर सरकारची मालकी प्रस्थापित झाली, आणि राबाचा प्रश्न ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत इतका तीव्र झाला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला त्याच्या चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. आयोगाचा अहवाल १८८७ मध्ये सादर झाला.

या दोन घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध असल्याचे म्हणता येणार नाही. तथापि त्या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. वाढत्या शहराला जळण हवे होते. ते मिळविण्याचा एक मार्ग कुलाब्याच्या आवारात आरशांच्या चौकटीवर दिसत होता. दुसरा मार्ग कायद्याच्या पुस्तकात होता. राज्यकर्त्यांनी दुसरा पत्करला, कारण तो स्वस्त होता. आणि तो स्वस्त होता याचे कारण असे की, फांदी तोडण्याची वहिवाट गमावणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसान शहरातील लाकडाच्या भावात कधीच धरले गेले नाही.

४

ॲडम्सच्या यंत्राची व्यावहारिक अडचण दुहेरी होती. पहिली अडचण शक्तीच्या प्रमाणाची. त्या काळच्या वाफेच्या इंजिनात उष्णतेचा अगदी अल्प भाग कामी येई, बाकीची वाया जाई. त्यामुळे प्रत्येक अश्वशक्तीमागे आरशांचे क्षेत्र फार लागे. शेकडो अश्वशक्तीवर चालणाऱ्या गिरणीसाठी आरशांचे मैदानच मांडावे लागले असते, आणि मुंबई बेटावर तेवढी मोकळी जमीन नव्हती. दुसरी अडचण काळाची. सूर्य रात्री नसतो, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे चार महिने आकाश बहुतांशी ढगाळ असते. गिरणी मात्र पावसाळ्यातही चालावी लागते, आणि विजेचे दिवे आल्यावर तर सूर्यास्तानंतरही ती चालू राहू लागली. शक्ती साठविण्याचे साधन हाती नसताना असल्या कामाला ऊन अपुरे पडणे स्वाभाविक होते.

याच काळात इतरत्र झालेल्या प्रयत्नांची गतही याहून वेगळी नाही. मूशो यांना फ्रेंच सरकारने १८७७ मध्ये कोळशाची वाण असलेल्या अल्जीरियात धाडले. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी सूर्याच्या उष्णतेवर बर्फ करून दाखविला आणि सुवर्णपदक मिळविले. कोळसा स्वस्त व सुलभ होताच सरकारचा पाठिंबा ओसरला. फ्रँक शूमन या अमेरिकन संशोधकाने १९१३ मध्ये इजिप्तमध्ये कैरोजवळ मेआदी येथे पन्हळीच्या आकाराच्या लांब परावर्तकांनी पन्नासहून अधिक अश्वशक्ती निर्माण करून नाईलचे पाणी शेतीसाठी उपसून दाखविले. पहिल्या महायुद्धाने तो उद्योग मोडला, आणि १९१८ मध्ये शूमनही वारला. या सर्व यंत्रांत शूमनचे यंत्र उपयुक्ततेच्या अधिक जवळ पोहोचले होते, याचे एक कारण ते पाणी उपसण्याच्या कामी लावले होते. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

मुंबईने आपल्या शक्तीचा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडविला. टाटांच्या जलविद्युत कंपनीने १९१० मध्ये कामास आरंभ केला, आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे उभी राहिली. सूक्ष्म विचार केल्यास ही शक्तीही सूर्याचीच आहे. समुद्राच्या पाण्याची वाफ ऊन करते, वारे ती सह्याद्रीकडे नेतात, आणि घाटमाथ्यावर साठलेले पाणी खाली सोडून वीज काढली जाते. ज्या पावसाळी ढगांनी ॲडम्सच्या आरशांना निरुपयोगी केले असते, त्याच ढगांनी गिरण्या चालविल्या. साठवणुकीचा जो प्रश्न आरशांना सुटला नाही, तो धरणांनी सोडविला. मात्र त्याची किंमत पुन्हा डोंगरातील शेतकऱ्यानेच दिली. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह हा त्याचा साक्षी आहे.

५

शक्तीच्या मागोमाग पाण्याचा इतिहासही याच दिशेने गेला. मुंबईसाठी १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव साष्टी बेटावर झाले. ते पुरेनात तेव्हा १८९२ मध्ये तानसा, आणि स्वातंत्र्योत्तर काळात वैतरणा नदी शहराला जोडली गेली. खालच्या वैतरणेवरील मोडकसागर, १९७३ मधील ऊर्ध्व वैतरणा, आणि २०१४ मध्ये सेवेत आलेले मध्य वैतरणा धरण हे तिचे तीन टप्पे होत. यांपैकी मध्य वैतरणेचे धरण मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे असून त्याने शहराच्या पुरवठ्यात प्रतिदिनी ४५.५ कोटी लिटरची भर घालावी अशी योजना होती.

या धरणांच्या परिसरातच खोडाळा आहे. येथे वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही फेब्रुवारी सरला की विहिरी तळ गाठू लागतात आणि मार्चपासून मेअखेरपर्यंत अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. याचे कारण भूरचनेत आहे. बेसॉल्टच्या कठीण थरांत पाणी फारसे मुरत नाही; उतारही तीव्र आहेत. चार महिन्यांचे पाणी ओढ्यांतून वैतरणेत आणि वैतरणेतून पुढे निघून जाते. वस्त्या बहुधा माळावर व टेकाडांवर आहेत. पाणी राहते ते दरीत. त्यामुळे डोक्यावर हंडे घेऊन चढण चढणे हे येथील स्त्रियांचे उन्हाळ्यातील रोजचे काम झाले आहे. पाणी अजिबात नाही अशी स्थिती सर्वत्र नसते. पुष्कळ ठिकाणी ते खाली आहे आणि माणसे वर आहेत, असा हा प्रश्न आहे. म्हणजे तो बऱ्याच अंशी शक्तीचा प्रश्न आहे.

येथे ॲडम्सच्या यंत्राची दुसरी अडचण, म्हणजे काळाची, उलटी होते. एकोणीस-वीस अक्षांशांवर मेच्या मध्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. पाण्याची टंचाई ज्या महिन्यांत सर्वांत कडक, त्याच महिन्यांत ऊनही सर्वांत प्रखर असते. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा उपसा करण्याची गरजही नसते. रात्रीचा प्रश्नही येथे गौण आहे. दिवसा उपसलेले पाणी उंचावरील टाकीत साठविले की तीच शक्तीची साठवण होते. गिरणीच्या बाबतीत जो विसंवाद होता, तो पाण्याच्या बाबतीत संवाद ठरतो. मेआदीच्या प्रयोगाचे बळही याच संवादात होते.

हे किती शक्तीचे काम आहे, याचा हिशेब उदाहरणादाखल मांडता येईल. तीनशे वस्तीचा एक पाडा धरला, आणि जलजीवन अभियानात धरलेले दरडोई ५५ लिटर हे प्रमाण घेतले, तर दिवसाला १६,५०० लिटर पाणी लागते. ते साठ मीटर उंच चढविण्यास तत्त्वतः २.७ युनिट शक्ती पुरते. पंपातील व नळातील घट धरून ती सात युनिटांच्या घरात जाते. उन्हाळ्याच्या दिवसांत एक किलोवॉट क्षमतेच्या सौरपट्ट्या दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देतात. म्हणजे दोन किलोवॉटांच्या आतबाहेरची योजना या पाड्याला पुरेशी आहे. अडीच अश्वशक्ती म्हणजेही १.९ किलोवॉटच होत. कुलाब्यात पंधरवडाभर चाललेल्या इंजिनाची शक्ती गिरणीच्या मानाने क्षुल्लक होती. टेकाडावरच्या एका पाड्याच्या मानाने ती बरोबर मापाची होती.

६

ॲडम्स व आजचा काळ यांमध्ये तंत्रात मोठे स्थित्यंतर झाले आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा सौरघट तयार झाला. त्याने सूर्यप्रकाशाचा सुमारे सहा टक्के भाग थेट विजेत बदलला, आणि बाष्पपात्र व इंजिन यांची आवश्यकता संपली. आज बाजारात मिळणाऱ्या पट्ट्या वीस टक्क्यांच्या पुढे गेल्या आहेत. दहा चौरस मीटर जागेत ॲडम्सच्या इंजिनाएवढी वीज निघते. २०१० नंतरच्या दशकात त्यांच्या किमती इतक्या उतरल्या की २०१७ मध्ये राजस्थानातील भाडला येथील लिलावात सौर विजेचा दर युनिटला २ रुपये ४४ पैसे इतका खाली आला. अभियंत्यांनी १८७८ मध्ये ज्या स्पर्धेविषयी शंका व्यक्त केली होती, ती स्पर्धा सूर्याने सुमारे १४० वर्षांनी जिंकली. महाराष्ट्रात साक्री येथे १२५ मेगावॉटचे केंद्र २०१३ मध्ये उभे राहिले.

मुंबई शहराच्या बाबतीत छतांचा हिशेबही झाला आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्रकाशविद्युत संशोधन केंद्राच्या व सहकारी संस्थांच्या २०१६ मधील अभ्यासात बृहन्मुंबईच्या छतांवर १.७२ गिगावॉट क्षमतेच्या सौरपट्ट्या बसू शकतील असे अनुमान काढले आहे. शहराची विजेची कमाल मागणी साडेतीन हजार मेगावॉटांच्या वर जाते हे ध्यानात घेता ही क्षमता थोडी नाही. परंतु ती पूरक शक्तीच ठरते. १८७८ च्या अभियंत्यांचा अभिप्राय शहरापुरता आजही बराचसा लागू आहे.

जव्हार–मोखाड्याकडे सौरपंप आले ते स्वयंसेवी संस्था आणि शासकीय योजना अशा दोन वाटांनी. जव्हारची प्रगती प्रतिष्ठान ही १९७२ पासून काम करणारी संस्था पाड्यांवर सौरशक्तीने पाणी चढविण्याच्या कामात आहे. शासनाच्या बाजूने २०१९ मधील केंद्राची कुसुम योजना आणि २०२४ मधील राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांचा उल्लेख करावयास हवा. या योजनांत अनुसूचित जमातींच्या शेतकऱ्याने पंपाच्या किमतीचा पाच टक्के भाग भरावयाचा असतो, आणि पंप तीन अश्वशक्तीपासून पुढे मिळतात. पाणी हाताशी आल्यावर दिवाळीनंतरही शेतात काही पिकविता येते. भिवंडी, वसईकडील वीटभट्ट्यांवर कुटुंबासह दरवर्षी होणारे स्थलांतर थांबविण्याचा तो एक खरा उपाय आहे.

या उपायाच्या मर्यादा झाकून ठेवणे योग्य होणार नाही. सूर्य पंप चालवितो. तो विहिरीत पाणी निर्माण करीत नाही. जेथे झऱ्याला पुरेसा आधार नाही तेथे फुकटच्या उन्हावर दिवसभर चालणारा पंप विहीर लवकर कोरडी करतो. म्हणून बंधारे, पाणी मुरविणे आणि उपशावर गावाचे नियंत्रण यांची जोड नसेल तर यंत्र शोभेचे राहते. दुसरी मर्यादा देखभालीची. ॲडम्सच्या चौकटीला दिवसातून तीनचार वेळा हात लावणारा एक माणूस लागत असे. आजच्या पट्ट्यांना तेवढेही लागत नाही. परंतु बिघाड झाल्यावर तो दुरुस्त करणारा माणूस खोडाळ्यात आहे की त्यासाठी शहराकडे निरोप धाडावा लागतो, यावर योजनेचे आयुष्य ठरते.

७

वरील विवेचनावरून एक निष्कर्ष काढता येतो. एखाद्या स्थळाची सौरशक्तीची क्षमता तेथे पडणाऱ्या उन्हाच्या मोजमापावरून पुरती कळत नाही. ऊन कोणत्या महिन्यांत पडते, गरज कोणत्या महिन्यांत असते, शक्ती कोणत्या रूपाने साठविता येते, आणि ज्या जळणाची जागा ती घेणार त्याची खरी किंमत कोण भरतो, या चार गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात. १८७८ च्या मुंबईत यंत्र होते, ऊन होते, विद्वानांची मान्यताही होती. परंतु गरजेचा काळ जुळत नव्हता, आणि दुसऱ्याच्या डोंगरातून येणारे जळण व पुढे पाणी स्वस्त पडत होते. खोडाळ्याच्या परिसरात गरज व ऊन यांचा मेळ निसर्गतःच होता; नव्हते ते यंत्र आणि ते मिळविण्याचे सामर्थ्य.

ज्या मुलखाने शहराला प्रथम लाकूड आणि मग पाणी दिले, त्याला शहरात जन्मलेली ही कल्पना सर्वांत शेवटी पोहोचली. ती पोहोचली तेव्हा ती तेथेच सर्वाधिक उपयुक्त असल्याचे दिसून आले. तंत्रविद्येचा इतिहास लिहिताना शोध कोठे लागला याची नोंद होते; तो कोठे लागू पडतो याची नोंद क्वचितच होते. पश्चिम महाराष्ट्रातील सौरशक्तीच्या इतिहासात कुलाब्याचे नाव आरंभी येईल हे खरे, पण तो इतिहास पुढे नेणारी साधने मोखाड्याच्या पाड्यांवरील टाक्यांत, विहिरींत आणि पाणीवाटपाच्या वह्यांत आहेत. ती जपून ठेवणे व त्यांचा अभ्यास करणे हे पुढील संशोधकांचे काम आहे.